ब्रिटनमधली जुनी विमानं आणि कुंपणाबाहेरची माणसं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शोरहॅम विमानतळाला लागूनच ए-27 हा महामार्ग जातो. 22 ऑगस्ट 2015 ला, शनिवारी दुपारी, तिथल्या एअर शोमध्ये लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, मारणारं एक जुनं हॉकर हंटर जेट खाली आलं ते थेट या रस्त्यावर. 11 जण गेले. कुणी फुटबॉलच्या सामन्याला निघालं होतं, एकजण नवरीला आणायला गाडी घेऊन चालला होता, काहीजण रस्त्याकडेला थांबून वर बघत होते. वैमानिक गंभीर जखमी होऊन वाचला. आणि कुंपणाच्या आत तिकीट काढून बसलेल्या हजारोंपैकी एकाचाही जीव गेला नाही. तिकीटवाले सुखरूप आणि वाटसरू बळी, हे असं का झालं ते समजायला 63 वर्षं मागे जावं लागतं.

खरं तर त्याच्याही मागे. विमान बघायला गर्दी करायची सवय ब्रिटिशांना लावली ती लंडनजवळच्या हेन्डनने. पहिलं महायुद्ध संपल्यावर हवाई दलाचं वेगळं अस्तित्वच टिकेल की नाही अशी शंका होती, तेव्हा लोकांना आपल्या बाजूला वळवून घेण्यासाठी 1920 पासून हेन्डनला दरवर्षी हवाई प्रदर्शन भरू लागलं. ते 1937 पर्यंत चाललं. मधल्या काळात ॲलन कोबम यांची फिरती हवाई सर्कस गावोगावच्या कुरणांवर उतरायची, जत्रेतल्या पाळण्यासारखी लोकांना चार पैशांत आकाशात फिरवून आणायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेन्डनची जागा फार्नबरोने घेतली. 6 सप्टेंबर 1952 ला तिथे लाखाच्या वर गर्दी होती. जॉन डेरी हा त्या दिवसांतला मोठा तारा. बरोबर चार वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, ध्वनीचा वेग ओलांडणारा पहिला ब्रिटिश वैमानिक म्हणून त्याचं नाव झालं होतं. त्याचं ठरलेलं विमान बिघडलं होतं, म्हणून तो आणि त्याचा सहकारी टोनी रिचर्ड्स हॅटफील्डहून डीएच-110 या नव्या लढाऊ जेटचा पहिला नमुना घेऊन आले. ध्वनिवेग ओलांडल्याचा धडाका लोकांना ऐकवून झाला, मग खाली येऊन तीव्र वळण घेताना पंखाची पुढची कड दगा देऊन गेली. क्षणात विमानाचे तुकडे झाले. पण तुकडे झाले तरी वेग कुठे जातो? विमान प्रेक्षकांच्या रोखाने येत होतं, त्यामुळे सुटलेली इंजिनंही त्याच रोखाने निघाली आणि त्यांतलं एक टेकडीवर उभ्या असलेल्या गर्दीत घुसलं. 29 प्रेक्षक आणि विमानातले दोघे गेले. धावपट्टी साफ झाल्यावर नेव्हिल ड्यूक या वैमानिकाने हंटर काढलं आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण युद्ध संपून सातच वर्षं झालेल्या त्या देशाला त्यात धैर्य दिसलं. खुद्द चर्चिलनी ड्यूकला शाबासकीचं पत्र लिहिलं.

फार्नबरोतून जो धडा घेतला गेला तो भूमितीचा होता. वेगात असलेल्या विमानाचा रोख गर्दीकडे नको, कसरती प्रेक्षकांच्या रांगेला समांतर आणि ठरावीक अंतर राखून व्हाव्यात. पुढे नागरी विमान वाहतूक प्राधिकरण आलं, नियमांचं पुस्तक जाड होत गेलं, कसरती दाखवणाऱ्या वैमानिकाला वेगळा परवाना लागू लागला. पण गाभा तोच राहिला. आणि तो कामी आला, हे मान्यच करायला हवं. त्यानंतर कितीतरी विमानं पडली, प्रेक्षकांच्या जागेत मात्र कुणी दगावलं नाही. 1993 मध्ये फेअरफर्डला दोन रशियन मिग-29 हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही वैमानिक पॅराशूटने उतरले, खाली कुणाला काही झालं नाही.

दरम्यान विमानवेडाचं रूपही बदललं. पूर्वी लोक उद्याचं विमान बघायला जायचे, आता कालचं बघायला जाऊ लागले. या वेडाची मुळं एका घरगुती गोष्टीत आहेत. बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला रिचर्ड शटलवर्थ हा श्रीमंत तरुण जुनी विमानं आणि मोटारी गोळा करून चालू स्थितीत ठेवायचा. 1940 मध्ये हवाई दलात असताना तो विमान अपघातात गेला आणि आईने त्याच्या नावाने न्यास केला. 1909 चं ब्लेरिओ विमान तिथे आजही आहे. हवाई दलाने स्वतः असं काही सुरू केलं ते 1957 मध्ये, तेही जेमतेम: हवामानाच्या नोंदी घेण्याच्या कामातून निवृत्त होणारी तीन स्पिटफायर आणि एक हरिकेन ही महायुद्धकाळातली लढाऊ विमानं, एवढाच संसार. बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीचा जन्म तिथला.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर 1959 मध्ये, लंडनवरच्या संचलनाहून परतताना या तुकडीतल्या एका स्पिटफायरचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाने ते ब्रॉमलीतल्या एका क्रिकेट मैदानावर पोट टेकवून उतरवलं. खेळाडू तेव्हा चहाला गेले होते. हा किस्सा विमानवेड्यांच्या बैठकीत हमखास निघतो आणि हशा होतो. मला त्यात हसण्यासारखं फारसं सापडत नाही. चहाची सुट्टी दहा मिनिटं आधी संपली असती, तर कुंपणाबाहेरच्या माणसांचा विचार कदाचित तेव्हाच सुरू झाला असता.

जुनी विमानं मिळवायला हे लोक जगभर हिंडले, भारतातही आले. आपल्या हवाई दलाच्या तळांवर गंजत पडलेली काही स्पिटफायर सत्तरच्या दशकात ब्रिटनला गेली. पुण्याच्या लोहगावहून लिबरेटर बॉम्बर उडवणाऱ्या 6 नंबरच्या स्क्वाड्रनचं एक विमान भारताने 1974 मध्ये भेट दिलं, ते आज तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. मग पाळी जेटची आली. ब्रिटिश हवाई दलाने काढून टाकलेली हंटर, नॅट, व्हॅम्पायर खासगी मालकांच्या हाती गेली. हंटर आपल्याकडच्या वाचकांना परकं नाही, 1971 ला लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाडे फोडणारं तेच. पण स्पिटफायर पडलं तर जे होतं आणि हंटर पडलं तर जे होतं, त्यात वजन, वेग आणि इंधन या तिन्हींचा मोठा फरक आहे.

शोरहॅमचा अंतिम तपास अहवाल मार्च 2017 मध्ये आला. लूपमध्ये शिरताना वेग कमी होता, वर चढताना इंजिनाचा पूर्ण जोर लावला नव्हता. त्यामुळे माथ्यावर किमान 3,500 फूट उंची हवी तिथे ती सुमारे 2,700 फूटच मिळाली. माथ्यावर उंचीकाट्याकडे बघून, आकडा कमी दिसला तर विमान अर्धं फिरवून सरळ निघून जायचं, हा सुटकेचा मार्ग तेव्हाही मोकळा होता. तो घेतला गेला नाही. वैमानिक एरवी जेट प्रोव्हॉस्ट या हलक्या विमानातही कसरती करायचा. त्याचे आकडे डोक्यात राहिले असावेत, ही शक्यताही तपासकांनी विचारात घेतली.

माझ्या मते अहवालाचं खरं वजन पुढच्या पानांत आहे. वैमानिक नेमक्या कोणत्या कसरती कुठे करणार, हे शोच्या संचालकालाच ठाऊक नव्हतं. तिकीट न काढता बाहेरून बघणारे लोक तिथे जमतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण विमान महामार्गावर पडलं तर काय, हा प्रश्न धोक्याच्या हिशेबात नीट मांडलाच गेला नव्हता. फार्नबरोची रेघ कुंपणाच्या आतल्यांसाठी आखलेली होती, बाहेरच्यांचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

अपघातानंतर दोनच दिवसांत समुद्रावर नव्हे तर जमिनीच्या वर होणाऱ्या शोमधल्या जुन्या जेटच्या कसरतींवर बंदी आली, सरळ उडत जाण्यापुरती मुभा राहिली. पुढे संचालकांची पात्रता, वैमानिकांचे परवाने, बाहेरच्या गर्दीचा आणि रस्त्यांचा विचार, सगळंच कडक झालं. प्राधिकरणाचं शुल्कही वाढलं आणि त्यावर छोट्या आयोजकांनी बराच आरडाओरडा केला. शोरहॅमचा शो पुन्हा भरला नाही. वैमानिकावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, 2019 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. मुंबईत पूर्वी असायचं तसं, मृत्यू कशामुळे झाला हे ठरवणारं कोरोनरचं कोर्ट तिथे आहे. त्याने डिसेंबर 2022 मध्ये, त्या 11 जणांचे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले, असा निष्कर्ष दिला. दोन कोर्टांची कामं वेगळी, पुराव्याची पट्टीही वेगळी. मेलेल्यांच्या घरच्यांना हे समजावून सांगणं किती अवघड गेलं असेल, कोण जाणे.

आणि फार्नबरो? तिथल्या धावपट्टीभोवती आता दाट वस्ती आहे. 2016 च्या प्रदर्शनात हवाई दलाच्या रेड ॲरोज पथकाने आपला नेहमीचा कसरतींचा कार्यक्रम केला नाही. नऊ लाल विमानं आली आणि सरळ निघून गेली.