बगळ्याची पिसं कुठं गेली?

काळपट पाण्याच्या काठाशी उभा असलेला एक बगळा मी टिपला होता. कॅमेरा नवा, हुरूप दांडगा. मागच्या इवल्याशा पडद्यावर फोटो झकास दिसत होता. घरी येऊन संगणकावर मोठा केला, तर बगळ्याच्या पाठीवर एकही पीस नाही. कागदातून बगळ्याचा आकार कातरून चिकटवावा तसा सपाट पांढरा डाग! पाण्यावरच्या बारीकसारीक लहरी मात्र छान उमटल्या होत्या. उजेड कमी करून पाहिला, तेव्हा पांढऱ्याचं राखाडी झालं, एवढंच.

त्या पिसांचा माग काढताना मला कॅमेरा थोडाफार कळायला लागला.

पूर्वी फिल्म असायची त्या जागी आता सिलिकॉनचा सेन्सर असतो. त्यावर कोट्यवधी सूक्ष्म घरं असतात, तेच पिक्सेल. प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, जास्त प्रकाशाला जास्त. शटर मिटलं की कुठल्या घरात किती जमले याची मोजदाद होते आणि त्याचा आकडा बनतो. बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली सीसीडी नावाची चिप सुचवली ती याच तत्त्वावर. त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं ते थेट २००९ मध्ये. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी अशीच चिप वापरून कॅमेरा जुळवला. त्यात आडवे १०० आणि उभे १०० एवढेच पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीची जागा सीमॉस सेन्सरनं घेतली आहे, पण मोजदाद तीच.

आता गंमत अशी, की या घरांना रंग अजिबात कळत नाही. कळतो तो फक्त कमी-जास्त प्रकाश. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात. चार घरांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी, ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची. हिरव्या दोन, कारण तपशील ओळखताना आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशावर सगळ्यात जास्त विसंबतो. म्हणजे एका पिक्सेलनं मोजलेला असतो एकच रंग. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं बघून अंदाजानं भरलेले. आपल्या रंगीत फोटोतली रंगांची दोन तृतीयांश माहिती अशी ‘अंदाजे’ असते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं. बारीक रेघांच्या शर्टावर कधीकधी भलतेच रंगीत पट्टे उमटतात, तिथं हा अंदाज चुकलेला असतो.

पण पिसांचं काय? प्रत्येक घरात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनना मर्यादा असते. घर भरलं की पुढचं मोजणं बंद. पिसाची उजळ कड आणि दोन पिसांमधली फिकट सावली, दोन्हींनी घर काठोकाठ भरलं तर दोन्हींचा आकडा एकच. फरकच नोंदला गेला नाही, मग तो मागाहून येणार कुठून?

एवढा प्रकाश मी आत का येऊ दिला? खरं तर मी नाही, कॅमेऱ्यानं. समोर बगळा आहे की कोळसा, हे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेला ठाऊक नसतं. चौकटीतलं सगळं मिळून मध्यम राखाडी असावं, असं ती साधारणपणे गृहीत धरते. माझ्या चौकटीत काळं पाणीच पाणी, म्हणून तिनं सगळंच उजळवलं. बर्फाचे फोटो मळकट राखाडी येतात तेही याच हिशेबानं, फक्त उलट्या दिशेनं.

आत येणारा प्रकाश आवरायला दोन गोष्टी हातात असतात. शटरचं सोपं आहे: सेकंदाच्या १/१२५ ऐवजी १/२५० भाग उघडं ठेवलं की प्रकाश निम्मा. अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या लहानमोठ्या होणाऱ्या भोकाचे, आकडे मात्र नवख्याला छळतात. एफ ४ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला ४ नं भागून येईल तेवढ्या व्यासाचं भोक. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ ला ते २५ मिलिमीटर असतं, एफ ४ ला साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून प्रकाशही पाव. दर पायरीला प्रकाश नेमका निम्मा करायचा तर आकड्याला दोनाच्या वर्गमुळानं गुणावं लागतं, १.४, २, २.८, ४, ५.६ ही विचित्र माळ तिथून आली.

तिसरा तो आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ नोंदायचा याचा कॅमेऱ्यावरचा आकडा. तो वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश पकडतो, हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. जेवढा प्रकाश मिळाला त्याचाच आवाज मोठा केला जातो, खरखरीसकट. ही खरखर, म्हणजे अंधारातल्या फोटोतले दाणे, बरीचशी प्रकाशाच्याच स्वभावातून येते. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, काही रांगेत, ठरल्या अंतरानं येत नाहीत. सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर मोजणीत साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे १ टक्का. १०० पडणार असतील तर १० चा, म्हणजे १० टक्के. मोठ्या सेन्सरचं महत्त्व इथं आहे: त्यावर एकूण फोटॉनच जास्त पडतात. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, तर छोट्या कॅमेऱ्यांतल्या एका प्रचलित सेन्सरचं जेमतेम २८. मेगापिक्सेलच्या जाहिराती याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

पिसांच्या गायब होण्यात आणखी एक संशयित होता: जेपेग, म्हणजे फोटो आटोपशीर करून साठवायचा नेहमीचा प्रकार. सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवले की ती रॉ फाइल. १४ बिटांची असेल तर उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च. शिवाय जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहज जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देतं. पाठवायला, दाखवायला ते उत्तम. उघडून, बदलून पुन्हापुन्हा साठवायला नाही. मुख्य म्हणजे जेपेगचा ‘पूर्ण पांढरा’ बहुधा सेन्सरची घरं भरण्याच्या थोडा आधीच येतो, त्यामुळं रॉमध्ये कधीकधी थोडी पिसं शिल्लक सापडतात. मी ठेवलं होतं फक्त जेपेग.

पुढच्या वेळी रॉ लावलं आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दीडवर नेलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा प्रकाश दीड पायरी कमी. पडद्यावरचा फोटो पाहण्याऐवजी हिस्टोग्राम पाहिला, म्हणजे डावीकडं काळ्यापासून उजवीकडं पांढऱ्यापर्यंत कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख: डोंगर उजव्या भिंतीला न चिकटता अलीकडंच उतरला होता. फोटो अंधारा दिसत होता, पाणी जवळपास काळं. घरी लहरी वर ओढल्या, त्यांत दाणे आले. येऊ देत. पाठीवर एकावर एक चढलेली पिसं मोजता येत होती आणि त्यांच्यामधल्या सावल्या चक्क निळसर होत्या.