कर्करोगाची पाठराखीण

साठच्या दशकाच्या सुरुवातीची, इटलीतली गोष्ट. प्रयोगशाळेत कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि फेरुच्चो रितोस्सा या तरुण संशोधकाच्या फळमाशीच्या पेशी चांगल्याच तापल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर लाळग्रंथीतल्या जाडजूड गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे! फुगवटा म्हणजे तिथली जनुकं कामाला लागल्याची खूण. एका नावाजलेल्या नियतकालिकाने ‘याला जैविक महत्त्व नाही’ म्हणून निबंध परत पाठवला. तो १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आला. त्या जनुकांमधून बनणारी प्रथिनं हाती लागायला १९७४ उजाडलं. नाव मात्र उष्णतेचंच चिकटलं: हीट शॉक प्रोटीन, थोडक्यात एचएसपी. खरं तर प्राणवायू कमी पडला किंवा विषारी धातू पेशीत शिरले, तरीही ती वाढतात.

प्रथिन जन्माला येतं ते अमिनो आम्लांच्या लांब माळेसारखं. नेमकी घडी पडली तरच ते कामाचं. तापलं की घड्या सुटतात आणि माळा एकमेकींत गुंततात. उकडलेल्या अंड्याचा घट्ट पांढरा भाग म्हणजे हाच गुंता. तो होऊ न देणाऱ्या या प्रथिनांना शास्त्रज्ञ ‘शॅपरोन’ म्हणतात. मला आपला ‘पाठराखीण’ हा शब्द जास्त आवडतो: नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी, तिला सांभाळून घेणारी आणि काही दिवसांनी माघारी येणारी.

कर्करोगाच्या पेशीत मात्र पाठराखिणीला माघारी जायची सोयच नसते. जनुकं बिघडलेली, म्हणून प्रथिनं डळमळीत. बेसुमार वाढीमुळे प्राणवायूचीही ओढाताण. सार्क नावाच्या प्रथिनाचं पाहा. आपल्या पेशीतलं साधं सार्क एचएसपी ९० या पाठराखिणीच्या फारशा मदतीवाचून निभावतं. पण कोंबड्यांमध्ये गाठी आणणाऱ्या विषाणूतलं त्याचं बिघडलेलं भावंड एचएसपी ९० काढून घेतलं की कोसळतं. १९९४ मध्ये ल्यूक व्हाइटसेल आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. स्तनाच्या काही कर्करोगांत वाढीचा इशारा देणारं हर-२ हेही एचएसपी ९० वरच विसंबून असतं. शिवाय एचएसपी ७० आणि एचएसपी २७ पेशीच्या आत्मनाशाची साखळी मध्येच अडवतात, म्हणजे मरायला हवी ती पेशी तगते.

ही प्रथिनं कर्करोग घडवतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. बीळ पेशीने स्वतःच्या रक्षणासाठी खणलं, नागोबा नंतर आला. तरी बिळावाचून त्याचं अडतं. २००७ मध्ये सुसान लिंडक्विस्ट यांच्या गटाने, ही सगळी यंत्रणा चालू करणारं एचएसएफ-१ प्रथिन नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्करोगकारक रसायनं लावली. नेहमीच्या उंदरांपेक्षा त्यांना गाठी कमी आल्या.

मग एचएसपी ९० बंद करणारं औषध द्यावं, इतकं सोपं वाटतं. पण पाठराखीण निरोगी पेशींनाही लागते. जेल्डानामायसिन हे मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं पहिलं औषध यकृताला झेपेना. त्यात एचएसपी ९० अडवलं की पेशीला संकटाचा सुगावा लागतो आणि ती एचएसपी ७० चा साठा वाढवते! बरीच औषधं चाचण्यांतच अडकली. जपानने २०२२ मध्ये पचनमार्गातल्या एका प्रकारच्या गाठीसाठी पिमिटेस्पिबला मान्यता दिली.

काही ठिकाणी किरणोपचारांच्या जोडीला गाठ ४० ते ४३ अंशांपर्यंत तापवतात. हा शेक सहसा रोज देत नाहीत, दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवतात. एकदा तापून वाचलेल्या पेशीकडे तेवढा काळ पाठराखिणींची फौज तयार असते.