कॅमेऱ्याचं वायफाय सारखं तुटतंय? आधी अर्ध्या मीटरवर तपासा

कॅमेऱ्यातले फोटो फोनवर घेताना मध्येच अडकले की दोष सरसकट सिग्नलला दिला जातो. पुष्कळदा मात्र सिग्नल चांगला असतो आणि जोडणी फोनच तोडत असतो. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी कॅमेरा आणि फोन अर्ध्या मीटरवर ठेवून पाच-सहा फोटो पाठवून बघा. इथे सुरळीत चाललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला रखडलं, तर अडचण रेडिओलहरींची आहे. जवळ असूनही तुटलं, तर ती सेटिंगमध्ये शोधायची.

सेटिंगमधलं नेहमीचं कारण असं: कॅमेरा स्वतःचं वायफाय सुरू करतो, पण त्यावर इंटरनेट नसतं. फोनला हे नेटवर्क कुचकामी वाटतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटाकडे किंवा ओळखीच्या राउटरकडे वळतो. फोटो घेईपर्यंत मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवा, राउटरला आपोआप जोडलं जाणंही थांबवा. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ असं फोनने विचारलं तर ‘हो’ म्हणा. आयओएस १४ पासून आयफोनवर कॅमेऱ्याच्या अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगीही लागते, ती नाकारलेली असेल तर वायफाय जोडलेलं दिसतं, पण अ‍ॅपला कॅमेरा सापडत नाही.

जुनं पेअरिंग (फोन आणि कॅमेऱ्याने एकमेकांची ठेवलेली ब्लूटूथ नोंद) बिघडलं असेल तर ते दोन्हीकडून काढा: फोनच्या ब्लूटूथ यादीतून आणि कॅमेऱ्याच्या मेनूमधूनही. एकाच बाजूने काढलं की दुसरीकडे जुनी नोंद राहते आणि नवी जोडणी होत नाही. कॅमेऱ्याचं आपोआप बंद होणंही तपासा. बॅटरीही बघा, कारण काही मॉडेल बॅटरी उतरली की वायफाय चालू करूच देत नाहीत.

आता रेडिओलहरी. बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरींची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते आणि धातू त्यांना अडवतो. म्हणून मॅग्नेशियम मिश्रधातूच्या बॉडीत अँटेना प्लास्टिकच्या भागामागे बसवलेला असतो, आणि नेमका तोच भाग पकडीत किंवा धातूच्या केजमध्ये (कॅमेऱ्याभोवती बसवायच्या चौकटीत) झाकला जातो. केज काढून, कॅमेरा हातात न धरता टेबलावर ठेवून पुन्हा बघा. फरक पडला तर कारण सापडलं. शरीरातलं पाणीही या लहरी शोषतं, त्यामुळे फोन मागच्या खिशात आणि कॅमेरा समोर, ही सर्वांत वाईट मांडणी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोहोचणारी शक्ती चौथाई उरते, तेव्हा दोन पावलं जवळ येणंही कामी येतं.

चालू मायक्रोवेव्ह आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क याच पट्ट्यात गोंगाट करतात. त्यांच्यापासून लांब राहा. कॅमेरा राउटरमार्फत जोडत असाल तर राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडा. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर एकाच खोलीत तीच वापरा, मात्र भिंतीपलीकडे ती लवकर क्षीण होते.

एवढं करूनही वेग कमी वाटत असेल तर फाइलचा आकार बघा. जोडणी सेकंदाला २० मेगाबिटची असेल तर ३० मेगाबाइटच्या (म्हणजे २४० मेगाबिटच्या) एका रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोच्या फाइलला १२ सेकंद लागतात, म्हणजे अशा १०० फाइलींना २० मिनिटं. लगेच दाखवायचे फोटो २ मेगापिक्सेलमध्ये पाठवा आणि रॉ फाइली कार्ड रीडरनेच उतरवा.