फ्यूजन भट्टीची भिंत : चाचणीचा रखडलेला इतिहास

फ्यूजनच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या बातम्यांत प्लाझ्माचं, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूचं तापमान ठळक अक्षरांत येतं. त्या प्लाझ्मासमोर ज्या धातूला वर्षानुवर्षं टिकायचं आहे, त्याची परीक्षा कुठे घ्यायची हा प्रश्न मात्र गेली पन्नास वर्षं अर्धामुर्धाच सुटलेला आहे.

न्यूट्रॉनच्या माऱ्याने घन पदार्थ बिघडतो, हे भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९४०च्या दशकातच ओळखलं होतं. धक्का बसला की ग्रॅफाइटमधले अणू जागा सोडतात आणि पदार्थात ऊर्जा साठत जाते. १९५७ साली इंग्लंडमधल्या विंडस्केल भट्टीला आग लागली ती हीच साठलेली ऊर्जा मोकळी करण्याच्या कामात. पुढे १९६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डूनरे भट्टीतल्या स्टेनलेस स्टीलमध्ये सूक्ष्म पोकळ्या सापडल्या. पोलाद आतून फुगत होतं, आणि आधी कुणाला त्याची कल्पना नव्हती.

हे सगळं विखंडन भट्ट्यांमधलं, म्हणजे जड अणुकेंद्रकं फोडणाऱ्या नेहमीच्या अणुभट्ट्यांमधलं. तिथे न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा जन्मतः सुमारे २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असते. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या फ्यूजनमध्ये ती १४.१ एमईव्ही. इतक्या ऊर्जेचा न्यूट्रॉन अणूंना नुसता हलवत नाही, त्यांच्या केंद्रकांतून हेलियमही बाहेर काढतो. हेलियम धातूत विरघळत नाही. तो स्फटिककणांच्या सीमांवर बुडबुडे करून बसतो आणि धातू ठिसूळ होतो. विखंडन भट्टीत ठेवलेल्या पोलादात हेलियम कितीतरी कमी बनतो, त्यामुळे तिथला 'पास' फ्यूजनला चालत नाही.

मग जुगाड सुरू झाले. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या एचएफआयआर या विखंडन भट्टीत निकेल मिसळलेल्या पोलादाचे नमुने ठेवले गेले, कारण निकेल-५८ आधी निकेल-५९ होतो आणि तो आणखी एक न्यूट्रॉन गिळून हेलियम सोडतो. कल्पना फार हुशारीची. पण निकेलने पोलादाचा स्वभावच बदलतो. मग नमुना तडकला तर दोष हेलियमचा की निकेलचा? या वादाचा निकाल पूर्णपणे कधी लागलाच नाही.

खरे १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन अमेरिकेत लिव्हरमोरच्या आरटीएनएस-२ यंत्रातून मिळत. फिरत्या ट्रिटियमयुक्त लक्ष्यावर ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमची केंद्रकं) आदळवून ते तयार होत, पण मारा तुटपुंजा होता. १९८७ मध्ये ते बंद झालं. त्याहून जबर असा हॅनफर्डचा एफएमआयटी प्रकल्प तर त्याआधीच बासनात गेला होता. पैसा फ्यूजनच्या यंत्रांकडे जायचा आणि चाचणीची सोय पुढे ढकलली जायची. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ही गत.

प्लाझ्माच्या थेट समोरच्या थराचा इतिहास मात्र प्रत्यक्ष यंत्रांतच घडला. कार्बनच्या फरशा उष्णता झेलत, पण ट्रिटियम धरून ठेवत. म्हणून ब्रिटनमधल्या जेट या फ्यूजन यंत्राने २०११ पासून बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत वापरली. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्रानेही पुढे बेरिलियम सोडून टंगस्टनचा रस्ता धरला. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, पण हेलियम प्लाझ्मात तापला की त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तंतूंची लव उगवते, हेही प्रयोगशाळेतच कळलं.

१९९४ मध्ये इफमिफ या फ्यूजनच्या धातूंसाठीच्या चाचणी केंद्राची आखणी सुरू झाली: ड्यूटेरॉनचा झोत वाहत्या द्रवरूप लिथियमवर आदळवून न्यूट्रॉन मिळवायचे. २००७ मध्ये युरोप-जपान करार झाला आणि त्यातून जपानमध्ये रोक्काशो इथे त्वरकाचा (झोताला वेग देणाऱ्या यंत्राचा) नमुना उभा राहिला. स्पेनमध्ये ग्रनाडाजवळ याचंच छोटं रूप, डोनेस, आकाराला येत आहे. त्यात ४० एमईव्हीचा झोत सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने वाहणाऱ्या, अवघ्या २५ मिलिमीटर जाडीच्या लिथियमच्या पडद्यावर पडेल.

अडचण जागेची आहे. सर्वाधिक मारा मिळणारा भाग इफमिफच्या मूळ आराखड्यातही जेमतेम अर्धा लिटर होता. त्यामुळे नमुने बारीक करावे लागतात. सूक्ष्मदर्शकासाठीच्या चकत्या तर ३ मिलिमीटर व्यासाच्या. एवढ्याशा तुकड्यातली भेग जाड भिंतीतल्या भेगेसारखीच वागेल का, हे ठरवायला चाचणीच्या नव्या प्रमाण पद्धती लागतात, आणि त्यांच्यावर अजून काम चालू आहे.