स्टॅटिक वेबसाइट आणि लिनक्स: सगळा खेळ फायलींचा

स्टॅटिक वेबसाइट म्हणजे फायलींनी भरलेलं एक फोल्डर. ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हर डिस्कवरची फाइल उचलतो आणि जशीच्या तशी पाठवून देतो. मध्ये ना डेटाबेस, ना पान ऐनवेळी तयार करणारा प्रोग्राम. त्यामुळे लिनक्सवर टेक्स्ट एडिटर, गिट (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम), ब्राउझर आणि एक छोटा लोकल सर्व्हर एवढ्यावर काम भागतं. अडचणी येतात त्याही बहुतेक फायलींच्याच.

फाइलवर डबल क्लिक केलं तरी पान उघडतंच, मग सर्व्हर कशाला? उघडतं, पण अर्धंमुर्धं. पानात स्टाइलशीटचा, म्हणजे रंगरूप ठरवणाऱ्या फाइलचा पत्ता '/सीएसएस/मुख्य.सीएसएस' असा तिरक्या रेघेने सुरू होत असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती रेघ म्हणजे वेबसाइटचं मूळ फोल्डर. डबल क्लिकने उघडलेल्या पानाच्या लेखी मात्र ती अख्ख्या सिस्टिमचं रूट, म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर. तिथे असं फोल्डर नसतंच, म्हणून पान रंगरूपाविना दिसतं. शिवाय असं उघडलेल्या पानाला ब्राउझर सुरक्षेपोटी जावास्क्रिप्टची मॉड्यूल्सही लोड करू देत नाही.

छोटा सर्व्हर पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच मिळतो, आणि पायथन बहुतेक डिस्ट्रोंत (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांत) आधीच असतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --बाइंड १२७.०.०.१' ही कमांड द्यायची आणि ब्राउझरमध्ये '१२७.०.०.१:८०००' उघडायचं. बाइंडचा तुकडा गाळू नये. तो नसला तर सर्व्हर सगळ्या नेटवर्कवर ऐकत बसतो आणि फायरवॉल आड आली नाही, तर त्याच वायफायवरचा कुणीही ते फोल्डर चाळू शकतो. 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' असं आलं तर तो पोर्ट (पत्त्यातला ८०००, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) आधीच कुणीतरी अडवलेला असतो. 'एसएस -एलटीएनपी' ही कमांड तो प्रोग्राम दाखवून देते.

पानं वाढली, की तोच मेनू प्रत्येक फाइलमध्ये चिकटवणं परवडत नाही. तेव्हा ह्यूगोसारखा जनरेटर, म्हणजे साच्यातून सगळी पानं बनवून देणारा प्रोग्राम घ्यावा. ही एकच बायनरी फाइल असते आणि तिचा सर्व्हर १३१३ पोर्टवर चालतो. डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर-भांडारातली आवृत्ती मात्र पुष्कळदा जुनी निघते आणि नवी थीम (साइटचा तयार साचा) तिच्यावर चालत नाही. थीमला किमान कोणती आवृत्ती लागते ते आधी बघावं.

फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधलं पान आपोआप बदलतं, त्यामागे कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली आयनोटिफाय ही सोय असते. ती २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत आली. प्रोग्राम कर्नलला सांगून ठेवतो, 'या फोल्डरमध्ये काही हललं तर मला कळव.' पण हा पहारा त्या एका फोल्डरपुरताच असतो. आतल्या प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा पहारेकरी लागतो, आणि नोड मॉड्यूल्सच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस साठवणाऱ्या फोल्डरच्या) पोटात अशी हजारो फोल्डरं निघतात. प्रत्येक युजरला किती पहारे मिळणार यालाही मर्यादा आहे. कित्येक वर्षं ती मुळात ८१९२ होती, कर्नल ५.११ पासून ती मेमरी पाहून ठरते. एडिटरचे पहारेही याच कोट्यातून जातात. कोटा संपला की संदेश येतो, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. माणूस डिस्क साफ करत सुटतो, आणि 'डीएफ' तर भरपूर जागा मोकळी दाखवत असतो! इलाज वेगळाच आहे: '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी' मधल्या '.कॉन्फ' फाइलमध्ये 'एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_वॉचेस=५२४२८८' ही ओळ लिहायची आणि 'सुडो सिसकंट्रोल --सिस्टिम' चालवायचं (सुडो लावलं की कमांड रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने चालते).

परवानग्यांचा घोळ बहुधा आपणच ओढवून घेतो. पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएमने कुरकुर केली की लोक पुढे सुडो लावतात, फायली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि पुढची प्रत्येक कमांड अडते. 'सीएचओन -आर' देऊन मालकी परत घ्यावी आणि सुडोची सवय सोडावी. होममधलं (युजरच्या स्वतःच्या फोल्डरातलं) फोल्डर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला दाखवलं आणि ४०३ (परवानगी नाही) आला, तर वेबसाइटच्या फायलींची परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी) असूनही वरचं एखादं फोल्डर बंद असू शकतं. उबुंटूत २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० (इतरांना बंद) असतं, म्हणजे एन्जिनएक्सच्या युजरला दारातूनच परत पाठवलं जातं. 'नेमआय -एल' आणि पूर्ण मार्ग दिला की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दिसते. होम उघडं करण्यापेक्षा साइट '/व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' मध्ये ठेवलेली बरी.

विंडोजवर बनवलेला प्रोजेक्ट इथे आणला की काही चित्रं गायब होतात. लिनक्सवर फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळं मानलं जातं. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवली की प्रश्न मिटतो.

तयार साइट होस्टिंगवर चढवायला फायलींची नक्कल पोहोचवणारी आरसिंक ही कमांड उत्तम, पण मूळ फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघ विसरू नका. 'पब्लिक/' लिहिलं तर आतल्या फायली जातात. नुसतं 'पब्लिक' लिहिलं तर फोल्डरच उचलून नेलं जातं, नवी पानं एक पायरी आत पडतात आणि पत्त्यावर जुनीच साइट दिसत राहते. '--डिलीट' (मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फायली तिकडून पुसणारा पर्याय) वापरणार असाल तर आधी '-एन' (नुसती तालीम) लावून काय काय पुसलं जाणार ती यादी वाचून घ्या.