पार्श्वभूमी: सड्यावरचा दगड, गौण की मुख्य?

बॅटरीच्या खनिजांचा विषय कोल्हापुरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडे लिथियम आहे का? नाही. जिल्ह्याखाली दख्खनचा बेसाल्ट पसरला आहे आणि लिथियम मुख्यतः मिळते ते पेग्मटाइटसारख्या वेगळ्याच खडकात, नाहीतर खाऱ्या सरोवरांच्या पाण्यात. आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवर, आहे तो जांभा, आणि जांभ्याच्याच थरात कुठे कुठे बॉक्साइट.

बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम होते आणि लिथियम-आयन बॅटरीत धन ध्रुवाचा लेप बसवायची पातळ पत्री अॅल्युमिनियमचीच असते. तरीही केंद्राने २०२३ मध्ये ३० क्रिटिकल, म्हणजे देशाला अत्यावश्यक पण पुरवठा बेभरवशाचा अशा खनिजांची यादी काढली, त्यात बॉक्साइट नाही. गॅलियम मात्र आहे. ते बॉक्साइटमध्ये किंचित असते आणि अॅल्युमिना (बॉक्साइट आणि अॅल्युमिनियमच्या मधली पायरी) काढताना कारखान्यातल्या द्रावातून वेगळे करता येते. त्याच वर्षी चीनने गॅलियमच्या निर्यातीवर निर्बंध आणले म्हणून त्याचा एवढा बोलबाला. पण गॅलियम चिपसाठी लागते, बॅटरीसाठी नव्हे. ‘क्रिटिकल’ आणि ‘बॅटरी खनिज’ हे शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा. साठच्या दशकाअखेर बेळगावात अॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला आणि पुढे चंदगड, राधानगरी भागातले बॉक्साइट तिकडे जाऊ लागले. लाल धुळीने माखलेले ट्रक तेव्हापासूनचे. दाजीपूरचे अभयारण्य त्याआधीचे, १९५८ चे.

खरी गुंतागुंत २०१५ ची. त्या जानेवारीत खाणींचा कायदा बदलला आणि मुख्य खनिजांचे खाणपट्टे लिलावानेच द्यायचे ठरले. महिनाभरात, १० फेब्रुवारीला, आणखी एक अधिसूचना निघाली. तिने ३१ खनिजे मुख्य यादीतून उचलून गौण खनिजांत टाकली, म्हणजे त्यांचे नियम आणि परवाने राज्यांच्या हाती आले. त्या ३१ मध्ये जांभा होता. बॉक्साइट मुख्यच राहिले.

कागदावर ही रेघ सरळ आहे. सड्यावर जाऊन पाहा. ताजा तोडलेला जांभा हत्याराला मऊ लागतो, वारा लागला की चिरा घट्ट होतो. बॉक्साइट त्याहून फिकट, गुलाबी-पांढरट, वाटाण्याएवढ्या गोळ्यांचे. पण ही झाली नमुन्यादाखलची उदाहरणे. बऱ्याच ठिकाणी एक दुसऱ्यात कधी मिसळला ते कळत नाही, कारण फरक मुळात लोह आणि अॅल्युमिनाच्या टक्केवारीचा आहे आणि तो प्रयोगशाळेत कळतो. वाहतूक पासवर ‘जांभा’ लिहिलेले असेल, तर नाक्यावर उभा असलेला माणूस ट्रकात काय आहे हे नजरेने ठरवणार कसे? एकाच खड्ड्यातल्या दोन ढेकळांना दोन कायदे लावून ठेवले आणि तपासणी वाहतूक पासावर सोडली, हे माझ्या मते त्या अधिसूचनेचे सर्वांत मोठे दुर्लक्ष. गावांच्या हिशोबातही त्यामुळे फरक पडतो. मुख्य खनिजाच्या जुन्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, तर लिलावातल्यांना १० टक्के रक्कम जिल्ह्याच्या खनिज निधीत भरावी लागते. गौण खनिजाचे किती, ते राज्य ठरवते.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये लिथियमसह सहा खनिजे अणुखनिजांच्या यादीतून निघाली आणि खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. २४ क्रिटिकल खनिजांचे लिलाव केंद्राने स्वतःकडे घेतले, महसूल राज्यांना. जम्मूतल्या रियासीच्या ५९ लाख टनांच्या लिथियम खनिजाचा गाजावाजा झाला खरा, पण पुरेसे बोलीदारच न आल्याने लिलाव रद्द करावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये क्रिटिकल खनिजांसाठी १६,३०० कोटींची राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली, तीत खनिज प्रक्रियेची पार्कही आली.

आणि २० फेब्रुवारी २०२५ ला चक्र उलटे फिरले. अभ्रक, क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि बराइट ही चार खनिजे पुन्हा मुख्य यादीत गेली. कारण सरकारनेच सांगितले: बांधकामासाठी, काचेसाठी गौण खनिज म्हणून पट्टा घेणारे सोबत सापडणारे लिथियम वगैरे जाहीर करत नाहीत, काढतही नाहीत. दहा वर्षांनी का होईना, रेघ चुकली हे मान्य झाले. जांभा मात्र जिथे होता तिथेच.

त्यातच पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा. २०१४ पासून निघतोय, सहावा जुलै २०२४ मध्ये निघाला. त्या क्षेत्रात नव्या खाणींना बंदी प्रस्तावित आहे. बॉक्साइटचे सडे आणि घाटमाथ्याची जंगले एकमेकांना खेटून असल्याने इथे खाण वाढवण्याच्या कुठल्याही बेताला आधी हा मसुदा आडवा येतो.

म्हणून कोल्हापूरचा वाटा जमिनीखालून येण्यापेक्षा शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूने येण्याची शक्यता मला जास्त वाटते. फौंड्रीवाल्याला ग्राफाइट नवे नाही. ग्रे आयर्नचे (करड्या ओतीव लोखंडाचे) कास्टिंग तुटले की आत दिसणारा करडा रंग ग्राफाइटचाच. बॅटरीच्या ऋण ध्रुवातही तेच, पण शुद्धता ९९.९५ टक्क्यांची. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने क्रिटिकल खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. भंगार वितळवण्यात आपला हात बसलेला आहे. फक्त जुनी बॅटरी इंजिनाच्या ब्लॉकसारखी थेट भट्टीत टाकून चालत नाही. ती आधी डिस्चार्ज करायची, मग फोडायची, काळी पूड वेगळी काढायची आणि त्या पुडीतून रसायनांनी धातू सोडवायचे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, फौंड्रीच्या परवान्यावर ते काम करता येत नाही.