किन्नौर

किन्नौर हा हिमाचल प्रदेश राज्याच्या पूर्व टोकाचा, तिबेटला भिडलेला जिल्हा आहे. क्षेत्रफळ ६,४०१ चौ. किमी., लोकसंख्या ८४,१२१ (२०११). मुख्यालय रेकाँग पिओ. जिल्ह्याच्या उत्तरेस स्पीती, पूर्वेस तिबेट, दक्षिणेस उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्हा आणि पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंस कुलू व शिमला हे जिल्हे आहेत. निचार, कल्पा व पूह असे त्याचे तीन उपविभाग असून खालचे, मधले आणि वरचे किन्नौर अशी जी विभागणी स्थानिक लोक बोलण्यात करतात, ती साधारणपणे याच तीन उपविभागांशी जुळते. जुन्या ग्रंथांतील किन्नर या देवयोनीशी या भूमीचे नाव जोडले जाते. आजच्या मराठीत किन्नर हा शब्द ज्या अर्थाने रूढ झाला आहे, त्याच्याशी येथील लोकांच्या नावाचा काही संबंध नाही.

सतलज हा या जिल्ह्याचा कणा होय. ती तिबेटातून शिपकी ला या खिंडीजवळ भारतात शिरते, खाब येथे स्पीती नदीला आणि करछम येथे बास्पा नदीला सोबत घेते आणि अरुंद, खोल घळीतून शिमल्याच्या दिशेने बाहेर पडते. या घळीने जिल्ह्याला एकच मोठी वाट दिली आहे, आणि ती वाट चढत जाताना जे बदलत जाते, त्यातच किन्नौरची खरी ओळख आहे. निचारच्या परिसरात मोसमी पाऊस पोहोचतो, तेथे देवदाराची दाट वने आहेत आणि घरांना उतरती छपरे आहेत. कल्प्याच्या पुढे पाऊस झपाट्याने ओसरतो. पूहच्या पलीकडे पर्जन्यछायेतील उघडे, तांबूस-करडे डोंगर सुरू होतात. घरांची छपरे सपाट व मातीची होतात आणि हिरवळ दिसते ती फक्त पाटाचे पाणी जिथवर जाते तिथवर. एका दिवसाच्या प्रवासात हवा, झाड, छप्पर, भाषा आणि पूजास्थान ही सगळीच बदलतात.

रिओ पुर्ग्युल (६,८१६ मी.) हे हिमाचल प्रदेशातील सर्वोच्च शिखर तिबेटच्या सीमेवर आहे. कल्प्याच्या अगदी समोर, सतलजच्या पलतीरावर किन्नर कैलास (६,०५० मी.) आणि त्याहून उंच जोरकंदन (६,४७३ मी.) ही शिखरे उभी आहेत. किन्नर कैलासच्या धारेवरील उभा शिलाखंड शिवलिंग मानला जातो आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास त्याची खडतर यात्रा भरते. बास्पाचे सांगला खोरे जिल्ह्यात सर्वांत रुंद व सुपीक असून त्याच्या वरच्या टोकाला छितकुल हे सुमारे ३,४५० मी. उंचीवरील गाव आहे.

पूर्वी हा सर्व मुलूख बुशहर संस्थानात होता. सांगल्याजवळील कामरूचा लाकूड-दगडी बुरूज हे त्या राजघराण्याचे मूळ स्थान. पुढे राजधानी सराहनला व नंतर रामपूरला गेली. १८५० मध्ये काम सुरू झालेला हिंदुस्थान-तिबेट मार्ग येथूनच शिपकीकडे जातो. या मार्गाने चालणारा लोकर, मीठ, पश्मिना यांचा तिबेटशी व्यापार १९६२ मध्ये थांबला, १९९० च्या दशकात मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाला आणि २०२० मध्ये बंद पडला. स्वातंत्र्यानंतर हा भाग महासू जिल्ह्यातील चिनी तहसील होता. १ मे १९६० रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. चिनी गावाला आज कल्पा म्हणतात. देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बर्फाआधी मतदान उरकावे म्हणून येथे ते इतरत्र होण्यापूर्वीच घेतले गेले, आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत देणारे येथील शिक्षक श्याम सरन नेगी स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये निधन होण्याच्या तीन दिवस आधीही त्यांनी मतदान केले होते.

जिल्ह्यातील सुमारे ५८ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. किन्नौरी ही मुख्य भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातील असून तिच्यात वीस-वीसच्या गटांनी मोजण्याची रीत आहे. मराठीतील जुन्या ‘कोडी’ची येथे आठवण होते. मात्र किन्नौरी म्हणजे सगळ्या जिल्ह्याची भाषा नव्हे. छितकुलची बोली वेगळी, वरच्या भागातील बोली तिबेटीच्या जवळच्या, तर लोहार, सुतार व विणकर समाजांच्या बोली आर्यभाषा कुळातल्या. भाषेची ही शेवटची रेघ जातीच्या रेघेवरूनच जाते, आणि या समाजांना देवळाच्या अंगणात मिळालेले दुय्यम स्थान किन्नौरच्या कोणत्याही वर्णनातून वगळता येणार नाही.

खालच्या भागात हिंदू देवळे, वरच्या भागात बौद्ध गोम्पा, म्हणजे मठ, असे ढोबळमानाने म्हणता येते; पण मधल्या पट्ट्यातील घरे दोन्हींकडे जातात. कल्प्यात नारायण-नागिणीचे देऊळ आणि महान अनुवादक रिंचेन झांगपो (९५८–१०५५) यांच्याशी जोडला जाणारा गोम्पा एकाच वस्तीत आहेत. नाको येथील अकराव्या शतकातील मंदिरसमूहातील भित्तिचित्रे व मातीच्या मूर्ती पश्चिम हिमालयातील बौद्ध कलेचा अमूल्य ठेवा आहेत. तरीही दैनंदिन जीवनावर सर्वाधिक अधिकार चालतो तो ग्रामदेवतेचा. चवरीसारख्या केसांचे झुबके व धातूचे मुखवटे लावलेली तिची पालखी खांद्यांवर घेतलेली असते. प्रश्न विचारला की पालखी झुकते, डोलते किंवा मागे सरते आणि त्यावरून होकार-नकार समजला जातो. अंगात येणाऱ्या माध्यमाला ग्रोक्च म्हणतात. भाद्रपदाच्या सुमारास येणाऱ्या फुलैच, अर्थात उख्यांग, या सणात गावकरी उंच कुरणांवर जाऊन फुले आणतात, ती देवतेला वाहतात आणि वर्षभरात गेलेल्या आप्तांच्या नावे अन्न ठेवतात.

जमीन थोडी आणि तीही पायऱ्यापायऱ्यांची असल्याने येथे भावाभावांनी एकच पत्नी करण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. एक भाऊ शेत पाही, दुसरा मेंढ्या घेऊन हिवाळ्यात खाली उतरे, तिसरा व्यापाराला जाई, आणि शेताचे तुकडे होत नसत. ज्या मुलींची लग्ने होत नसत त्यांपैकी काही जोमो, म्हणजे भिक्षुणी, होत. ही प्रथा आता झपाट्याने मागे पडली आहे, पण तिच्या बरोबरीचा दुसरा नियम टिकून आहे : १९२६ च्या वाजिब-उल-अर्ज या रूढीलेखाच्या आधारे मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाकारला जातो. २०१५ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने राज्याच्या आदिवासी भागातील मुलींना हिंदू वारसा कायदा लागू करण्याचे निर्देश दिले. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते रद्द केले. किन्नौरच्या स्त्रिया गेली अनेक वर्षे हा हक्क मागत आहेत आणि तो त्यांना मिळायलाच हवा. त्या शेतांतले बरेचसे कष्ट त्यांच्याच हातचे आहेत.

ओगला व फाफरा ही कुट्टूच्या कुळातील धान्ये, जव, वाटाणा व राजमा ही जुनी पिके. आज मात्र जिल्ह्याचा पैसा सफरचंदातून येतो. थंड, कोरड्या हवेत उशिरा पिकणारे किन्नौरी फळ टिकाऊ व गोड असते. चुली या रानजर्दाळूच्या बियांचे तेल घरोघरी वापरात आहे. किन्नौरी शालीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले असून हिरव्या मखमली पट्टीची गोल टोपी स्त्री-पुरुष दोघेही घालतात.

चिलगोजा हे पाइनच्या जातीचे किन्नौरचे खास झाड होय. भारतात ते मुख्यत्वे येथे आणि चंबा जिल्ह्यातील पांगीत आढळते. शंकू उमलण्याआधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, माणसे झाडावर चढून आकड्याच्या काठीने ते खाली पाडतात. हातांना डिंक चिकटतो, तो सहज निघत नाही. शंकू ढीग घालून ठेवले, की काही दिवसांनी खवले सैल होतात आणि झोडपून लांबट बिया मोकळ्या केल्या जातात. शहरातल्या दुकानात चिलगोजा महाग का, याचे उत्तर या चढाईत आहे. पण जवळजवळ सगळेच शंकू उतरवले जात असल्याने जमिनीवर बी पडत नाही आणि नवी रोपे विरळ होत चालली आहेत.

सतलजच्या तीव्र उतारामुळे जिल्हा जलविद्युत प्रकल्पांनी व्यापला आहे : नाथपा येथे धरण असलेला १,५०० मेगावॉटचा नाथपा-झाकरी, मुळात १,००० मेगावॉटचा करछम-वांगतू, ३०० मेगावॉटचा बास्पा-२. नाथपा-झाकरीचे पाणी २७ किमी.हून लांब बोगद्यातून जाते. जिल्ह्यातील दरहजारी पुरुषांमागे ८१९ स्त्रिया (२०११) हे प्रमाण बघताना प्रकल्पांवर, रस्त्यांवर व सीमेवर कामासाठी आलेले पुरुष लक्षात घ्यावे लागतात. डोंगर मुळातच तरुण व भेगाळलेला आहे. १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपाने वरच्या भागातील गावे मोडली. तिबेटात परेछू नदीवर दरड कोसळून तयार झालेला तलाव जून २००५ मध्ये फुटला आणि सतलजकाठचे पूल व रस्ते वाहून गेले. २०२१ मध्ये जुलैत बटसेरी येथे दगड कोसळून ९ पर्यटक, तर ऑगस्टमध्ये निगुलसरी येथे दरडीखाली वाहने सापडून २८ जण मृत्युमुखी पडले. बोगद्यांच्या सुरुंगांनी झरे आटतात, घरांना तडे जातात, अशी गावकऱ्यांची तक्रार जुनी आहे. तरुणांनी ‘नो मीन्स नो’ ही घोषणा देत नव्या प्रकल्पांना विरोध सुरू केला, आणि जंगी-ठोपन प्रकल्पाच्या क्षेत्रातील गावे त्यात पुढे होती.